प्रश्नोत्तरे : तीन दृष्टी, एक खाडी

प्रश्न : आमच्या वाचनगटाला चार्वाक आणि न्याय ही भारतीय दर्शनं आणि फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉम्त यांची तुलना करायची आहे. त्यांत ज्ञानशाखा कशा जोडल्या जातात? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : देव आहे की नाही, इथून सुरुवात करू नका, सगळी संध्याकाळ त्यातच जाते. आधी प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, लिहा. चार्वाक फक्त प्रत्यक्ष (इंद्रियांना थेट कळलेलं) मानतात. न्यायदर्शन चार मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द (विश्वासू जाणकाराचं सांगणं).

मग ठाणे खाडीतले फ्लेमिंगो घ्या आणि प्रत्येक विधानापुढे प्रमाण लिहा. पक्षी दिसले, हे प्रत्यक्ष. चिखलात खाद्य असणार, हे अनुमान. किनारा पूर्वी कुठवर होता हे जाणत्या कोळ्याने सांगितलं, तर तो शब्द. म्हणजे इतिहासालाही न्यायात जागा आहे. चार्वाकांची अडचण अनुमानापाशीच सुरू होते. (त्यांचं म्हणणं बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, तेव्हा जरा जपून.)

कॉम्त यांची उतरंड वेगळी : गणित, खगोल, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, समाजशास्त्र. प्रत्येक शाखा आधीच्या शाखांवर उभी. मानसशास्त्राला स्वतंत्र पायरीच नाही.

गट हमखास अडतो तो दोन्ही एकाच तक्त्यात कोंबताना. प्रमाणं ज्ञानाचं साधन सांगतात, उतरंड विषयांची गुंतागुंत. दोन रकाने वेगळे ठेवा.