‘कागद नंतर करू’ म्हणतोय? मग थांबा

दादा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायला २०१४ चा ५० एचपी ट्रॅक्टर, सव्वाचार लाखांत घ्यायचा म्हणताय, इंजिन नुकतंच केलेलं (उघडून दुरुस्त), आणि मालक म्हणतो ‘कर्ज मिटलंय, कागद नंतर करू’. तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझा वाया गेलेला हंगाम डोळ्यापुढं आला.

टायर, क्लच, हायड्रॉलिक तुम्ही बघालच. फक्त ट्रॉलीचा हूक जिथं बसतो, त्या मागच्या हौसिंगवरचं (गिअरच्या लोखंडी पेटीवरचं) ग्रीस-माती फडक्यानं पुसून बघा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, सगळी ओढ तिथंच येते. वेल्डिंगची रेघ दिसली किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग असला, तर चहा पिऊन परत या. आणि इंजिन ‘केलंय’ म्हणतो ना? चालू इंजिनात ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर काय केलंय ते कळलंच.

मी हे सगळं बघितलं होतं. ट्रॅक्टर आजही दणकट आहे. फसलो कागदात. एमएच १३ ची गाडी, मालकानं कर्ज फेडल्याची पावती दाखवली, मी सगळे पैसे देऊन मोकळा. पावती खरी होती हो! पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बोजा (कर्जाची नोंद) तसाच. कर्ज देणाऱ्यांच्या कार्यालयात गेलो तर म्हणे, मालक दुसऱ्या कुणाच्या तरी कर्जाला जामीन आहे, ते थकलंय, एनओसी (ना हरकत दाखला) मिळणार नाही. मग ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सही वरून येते’. नऊ हेलपाटे मारले. एकदा तर जेवणाची सुट्टी साडेतीनपर्यंत चालली होती, बाहेर बाकडंसुद्धा नाही. इकडं आरसी माझ्या नावावर नाही म्हणून कारखान्यानं वाहतुकीचा करार केला नाही. ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल दिलेली, मुकादम टोळी घेऊन दुसरीकडं गेला. ती उचल अजून येतेच आहे.

मी काही एजंट नाही, नियम बदललेही असतील, आरटीओत विचारून घ्या. पण माझं ऐकाल तर मोबाइलवरच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा आहे का ते आजच बघा. असेल तर मालकाला सोबत घेऊनच बँकेत जा. एनओसी आणि बोजा उतरवायच्या, सही-शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या दोन्ही प्रती हातात पडेपर्यंत इसाराच्या वर एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घ्या. ‘आपल्यातलाच माणूस आहे’ वगैरे राहू द्या, माझाही आपल्यातलाच होता.

महिंद्राचा अर्जुन घ्यावा की जॉन डिअर या वादात मी पडत नाही. ज्याचा फिटर तुमच्या गावाजवळ आहे तो घ्या. वाटेत चढ असेल तर दोन भरल्या ट्रॉल्यांना ५० एचपी मला कमीच वाटतो, पुढून उठतो.

ट्रॉल्या पण जुन्याच घेणार का? त्यांचे नंबर वेगळे असतात. त्यांचेही कागद बघा.