येण्याचा हक्क वेगळा, लग्नाचा हक्क वेगळा

शालोम. ठाण्याहून तुम्ही पाठवलेले पत्र दोनदा वाचले. तुम्ही आईवडील दोन्हींकडून बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, आहात, तुमचे होणारे यजमान वडिलांकडून बेने इस्राएल आणि आईकडून वसईचे ख्रिस्ती आहेत, आणि पुढच्या वर्षी दोघांनाही इस्रायलला कायमचे यायचे आहे. तुम्ही विचारले आहे की लग्न इकडे येऊन करावे की तिकडेच उरकून निघावे. आणि आपल्या लोकांच्या लग्नांना इकडच्या धर्मपीठाने एके काळी हरकत घेतली होती असे तुमची आजी सांगते, ते खरे आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: लग्न तिकडे करूनच या. आजी सांगते ते अक्षरशः खरे आहे, आणि माझा सल्ला त्याच इतिहासातून आलेला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते.

येथे येण्याचा हक्क एका कायद्याने मिळतो आणि लग्नाचा हक्क दुसऱ्याच कायद्याने ठरतो. परतीचा कायदा १९५० चा. १९७० च्या दुरुस्तीने तो यहुदी माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही लागू झाला, त्यामुळे तुमचे यजमान वडिलांच्या नात्याने निर्धास्तपणे येऊ शकतात आणि त्यांना नागरिकत्वही मिळेल. यहुद्यांच्या लग्नाचा कारभार मात्र १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे सोपवला आहे, आणि तेथे हलाखा, म्हणजे आपला धर्मशास्त्रीय नियम, चालतो. हलाखाच्या दृष्टीने आई यहुदी तरच मूल यहुदी. म्हणून वडिलांच्या नावावर ज्या माणसाला देशाने नागरिक करून घेतले, तोच माणूस आईच्या नावामुळे तुमच्याबरोबर हुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, उभा राहू शकत नाही. तुर्की अमलात प्रत्येक धर्मपंथाचे विवाह त्या त्या पंथाकडे असत, ब्रिटिशांनी ती पद्धत तशीच ठेवली आणि नव्या राज्यानेही ती मोडली नाही. त्यामुळे मुसलमानांचे विवाह शरियत न्यायालयाकडे, ख्रिस्ती लोकांचे त्यांच्या चर्चकडे, द्रूझांचे त्यांच्या न्यायालयाकडे, आणि दोन वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांचा विवाह लावून देणारे कार्यालय देशात कोठेच नाही. २०१० मध्ये एक नागरी करार आला, पण तो दोघेही कोणत्याच धर्मात नोंदलेले नसतील तरच करता येतो. तुम्ही यहुदी म्हणून नोंदल्या जाल, तेव्हा तो तुमच्या उपयोगाचा नाही.

आता आजीच्या गोष्टीकडे येते. राज्य स्थापन झाल्यावर आपली माणसे नवगाव, पेण, रोहा, अलिबाग, मुंबई, ठाणे सोडून येऊ लागली, आणि पन्नाशीच्या दशकातच काही ठिकाणचे रब्बी त्यांचे विवाह इतर यहुद्यांशी लावायला नकार देऊ लागले. आपले लोक यहुदी नाहीत असे त्यांतील बहुतेकांचे म्हणणे नव्हते. त्यांचा युक्तिवाद जास्त बारीक होता, आणि म्हणूनच त्याला तोंड देणे अवघड होते. ते म्हणत, हे लोक शेकडो वर्षे कोकणात इतर यहुद्यांपासून तुटून राहिले. त्यांना ‘गेट’, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे लिहिलेले सोडपत्र, ठाऊक नव्हते. मग एखादी स्त्री गेटशिवाय नवऱ्यापासून वेगळी होऊन दुसऱ्याच्या घरी नांदली असेल, तर धर्माच्या हिशेबाने ती पहिल्याचीच बायको राहिली आणि दुसऱ्यापासून झालेले मूल ‘मामझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातले मूल, ठरले. तोराच्या, म्हणजे आपल्या मूळ शास्त्राच्या, पाचव्या ग्रंथात मामझेराला दहाव्या पिढीपर्यंत प्रभूच्या मंडळीत प्रवेश नाही असे वचन आहे. त्या एका वचनाच्या आधारे, कोणत्याही एका माणसाबद्दल कसलाही पुरावा नसताना, संपूर्ण समाजावर संशय ठेवला गेला.

१९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बीपीठाच्या परिषदेने बेने इस्राएलांशी विवाह निषिद्ध नाही असा निर्णय दिला, आणि लोकांना वाटले की विषय मिटला. पण १९६२ च्या सुरुवातीला मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या: अर्जदार बेने इस्राएल असेल तर त्याची आई, आईची आई, अशी जितके मागे जाता येईल तितकी चौकशी करावी; आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले होते का ते पाहावे; शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे. म्हणजे एका हाताने दिलेली परवानगी दुसऱ्या हाताने काढून घेतली. पोलंडहून, मोरोक्कोहून किंवा इराकहून आलेल्या यहुद्यांसाठी अशी समाजाचे नाव घेऊन काढलेली सूचना नव्हती. ती फक्त आपल्यासाठी होती.

माझे मोठे मामा तेव्हा येथे होते. त्यांनी पेणला माझ्या आईला पाठवलेले एक आंतरदेशीय पत्रासारखे निळे हवाईपत्र मी लहानपणी अनेकदा वाचले आहे. त्यात त्यांनी एवढेच लिहिले होते की ‘आपण शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने आपल्याला शनिवार तेली म्हटले, आणि इकडे मला विचारतात की तू यहुदी कशावरून.’ १९६४ च्या उन्हाळ्यात ते इतरांबरोबर जेरुसलेमला धरण्यावर बसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटचे, म्हणजे येथील संसदेचे, खास अधिवेशन झाले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, वैयक्तिक कायद्यातही त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असे ठामपणे मांडले आणि सभागृहाने ते मान्य केले. त्यानंतर रब्बीपीठाने सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले आणि त्या जागी ज्यांच्या वंशाबद्दल शंका असेल अशा सर्वांसाठी असा शब्दप्रयोग घातला. नाव गेले, शंका राहिली. मामा तो विजय मानत असत. मी तो अर्धा विजय मानते, कारण शंका कोणाबद्दल घ्यायची हे ठरवणारा अधिकारी तोच होता.

मी धर्म पाळणारी बाई आहे. घरी शब्बाथ होतो, एलियाहू हनाबीचा मलिदा होतो. म्हणून मला जास्त खुपते ते हे की धर्मानेच या शंकेला उत्तर देऊन ठेवले होते. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, स्पष्ट सांगितले आहे की तोराचा निषेध निश्चित मामझेराला आहे, संशयिताला नाही; संशयितावरचे बंधन नंतरच्या ऋषींनी घातले. त्याच ठिकाणी असेही आहे की एखादे कुटुंब मिसळून गेले असेल तर ते मिसळलेलेच राहू द्यावे, उकरून काढू नये. शिवाय आपल्या कोकणातल्या रिवाजाचाच विचार करा. भोवतालच्या समाजाप्रमाणे आपल्यातही विधवेचे दुसरे लग्न पूर्वी कमीपणाचे मानत आणि सोडचिठ्ठी तर विरळाच. मग गेटशिवाय पुन्हा लग्न लावलेल्या बायकांची संतती एवढी कोठून येणार? आणि धर्मपीठाला वाट काढायची असते तेव्हा ते ती काढतेही: १९७२ मध्ये मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांनी मामझेर ठरवल्या गेलेल्या एका भावाबहिणीचा तो डाग पुसून दोघांना आपापल्या जोडीदाराशी लग्नाची मोकळीक दिली. तेव्हा ‘धर्म आम्हाला परवानगी देत नाही’ असे कोणी सांगितले की मी विचारते, धर्म की तुम्ही?

पण एक गोष्ट आपल्याबद्दलही सांगितली पाहिजे, नाहीतर हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. आपणही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला. ज्यांच्या घरात आई बाहेरच्या समाजातली आली, त्यांच्या मुलाबाळांना काळे म्हटले, त्यांच्याशी सोयरीक केली नाही. माझ्या आजोळी एका घराबद्दल ‘ते आपल्यातले नव्हेत’ असे हळू आवाजात बोलले जाई, आणि ते कुटुंब आमच्याच मशिदीत (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो), आमच्याच शेजारी प्रार्थनेला बसत असे. कूळ विचारून पोरी देण्याघेण्याची सवय आपण कोकणातूनच उचलली होती, आणि तीच तऱ्हा आपल्यावर उलटली तेव्हा आपल्याला ती ओळखू आली. तुमच्या यजमानांच्या आईबद्दल तुमच्या घरात कोणी कुजबुजत असेल, तर कृपा करून त्यांना १९६२ ची सूचना वाचून दाखवा.

माझे स्वतःचे लग्न १९७८ चे. नोंदणीच्या कार्यालयात (गावाचे नाव सांगत नाही) समोरच्या गृहस्थांनी माझ्या आईचे नाव लिहिले, आजीचे लिहिले, आणि मग पेन वर धरून पणजीचे विचारले. मला पणजीचे माहेरचे नाव ठाऊक नव्हते. माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी मांडीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला आणि पेणच्या मशिदीत झालेल्या त्यांच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे विवाहपत्र, बाहेर काढला. घडीवर हळदीचा पिवळा डाग होता, कारण तो डबा पंचवीस वर्षे स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिला होता. गृहस्थांनी हिब्रू मजकूर वाचला, साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या, आणि साक्षीदारांची नावे ‘कर’ने का संपतात असे विचारले. वडिलांनी एकेका गावाचे नाव घेऊन सांगितले. दोन आठवडे आम्हाला थांबवले आणि मग परवानगी मिळाली. लग्न थाटात झाले, मेंदीही झाली, पण त्या दोन आठवड्यांत वडील जेवताना कोणाशी बोलले नाहीत, ते मला अजून आठवते.

आज तुमच्यासारख्या, आईवडील दोन्हींकडून बेने इस्राएल असलेल्या मुलीला सहसा इतका त्रास होत नाही. तरी १९९७ मध्ये पेताह तिकवा येथे आपल्या लोकांची नोंदणी नाकारल्याचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते, त्यामुळे विषय कायमचा संपला असे मी म्हणणार नाही. एक सोय झाली आहे: २०१३ च्या कायद्याने जोडप्याला आपल्या गावाबाहेरच्या नोंदणी कार्यालयातही अर्ज करता येतो. इथियोपियाहून आलेल्यांची कहाणी याहून कठीण आहे. त्यांना लग्नाआधी धर्मांतरासारखा विधी करायला सांगितला गेला आणि १९८५ मध्ये तेही जेरुसलेमला आपल्यासारखेच धरण्यावर बसले.

आता तुमच्या कामाचे. तिकडे विशेष विवाह कायद्याखाली, १९५४ च्या, लग्न नोंदवा. त्याला विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात तीस दिवसांची नोटीस लागते, म्हणून विमानाची तिकिटे काढण्याआधी ती द्या. प्रमाणपत्रावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. येथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच ठरवले आहे की परदेशात झालेल्या विवाहाचा दाखला समोर आला की लोकसंख्या नोंदणीच्या अधिकाऱ्याने तो नोंदवावा. त्याच्या आधारावर हजारो जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात, आणि २०२३ पासून अमेरिकेतल्या युटा राज्यातून पडद्यावर, व्हिडिओवरून, लावलेले विवाहही नोंदवावे लागतात. तुम्हाला हे सारे आडमार्ग घेण्याची गरज नाही, कारण तुम्ही लग्न होऊनच याल.

यजमानांनी धर्मांतर करावे का, असे तुम्ही शेवटी अगदी संकोचाने विचारले आहे. त्यांना मनापासून हवे असेल तर करावे. पण केवळ लग्नासाठी करू नये, कारण विवाहाच्या कामी येथे सनातनी न्यायालयाचेच धर्मांतर चालते, त्याला वेळ लागतो, आणि घरात पाळायच्या गोष्टींची नीट चौकशी होते. २०२१ च्या निकालाने सुधारणावादी पंथाच्या धर्मांतराला नागरिकत्वापुरती मान्यता दिली, लग्नापुरती नाही. तुमची मुले मात्र, तुम्ही आई असल्यामुळे, हलाखाच्या दृष्टीने यहुदीच असतील; उद्या त्यांच्या लग्नाच्या वेळी तुमची कागदपत्रे लागतील, यजमानांची नाही.

म्हणून तुमच्याकडच्या बाजूची कागदपत्रे आताच गोळा करा: आईवडिलांचा केतुबा, आईच्या आईवडिलांचा केतुबा, ठाण्याच्या मशिदीकडून पत्र, जन्मदाखले. तुमच्या घरात कोणाचा घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात झाला असेल आणि गेट घेतलेला नसेल, तर तो माणूस हयात असेपर्यंत घेऊन ठेवा; न्यायालयाचा हुकूमनामा येथे धर्माच्या कामी पुरत नाही, आणि त्याचा भार पुढे एखाद्या निष्पाप मुलीवर येतो. मशिदीतल्या जुन्या नोंदवह्या पाहायला मिळाल्या तर पानांचे फोटो काढा. आणि आजीला आज संध्याकाळीच बसवून तिच्या आईचे आणि आजीचे माहेरचे नाव, गाव, आणि त्यांच्या लग्नाला साक्षीदार कोण होते ते लिहून घ्या. माझ्या पणजीचे नाव मला आजतागायत मिळालेले नाही.