वडिलांची जावा: बॉबर करून घ्यावी की मूळ रूपात राखावी?

आपले सविस्तर पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले. इतर वाचकांनाही प्रश्न समजावा म्हणून त्याचा आशय थोडक्यात देतो. आपण साताऱ्यात नोकरी करता. हातात येणारा पगार 58,000 रुपये आहे आणि गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 42,000 रुपये आहे. बँकेत 3 लाखांची मुदत ठेव असून मुलगी यंदा दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्यांची 1971 साली नोंदलेली जावा 250 मोटारसायकल घरी राहिली. पुण्यातल्या एका गॅरेजने तिची बॉबर, म्हणजे मागचा भाग छाटून एकेरी सीटची सुटसुटीत गाडी, करून देण्यासाठी 2,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यातले 90,000 ठेवीतून आणि दीड लाख 13 टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून उभे करावेत, तयार झालेली गाडी चार लाखांना सहज जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरीकडे एक संग्राहक ती आहे त्या स्थितीत 1,60,000 रुपयांना मागत आहेत. यातले काय करावे, असे आपण विचारले आहे.

आधी गॅरेजचा हिशेब त्यांच्याच आकड्यांनी तपासू. आज 1,60,000 रुपये मिळत असलेली वस्तू आपण या कामात घालणार आहात, म्हणजे तेवढी रक्कम आपली गुंतलीच. तिच्यावर 2,40,000 खर्च झाल्यावर एकूण चार लाख होतात. दीड लाखाच्या कर्जाचा तीन वर्षांचा हप्ता सुमारे 5,050 रुपये बसेल आणि व्याजापोटी जवळपास 32,000 रुपये जातील. म्हणजे गॅरेजने सांगितलेली चार लाखांची किंमत एक रुपयाही कमी न होता मिळाली, तरी आपण 32,000 रुपयांनी तोट्यात असाल. शिवाय तशी किंमत देणारे गिऱ्हाईक मिळण्याची हमी कोणीही लेखी दिलेली नाही. बदललेली गाडी घेणाऱ्याची आवड आपल्या आवडीशी तंतोतंत जुळावी लागते, मूळ रूपातल्या गाडीच्या ग्राहकाला मात्र काय पाहायचे ते आधीपासून ठाऊक असते.

आता घरच्या ताळेबंदाकडे पाहू. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि आपल्या बाबतीत ती रक्कम सुमारे 2,52,000 रुपये होते. आपली ठेव 3 लाखांची आहे, म्हणजे गाडीसाठी खऱ्या अर्थाने मोकळे असलेले पैसे 48,000 रुपयेच आहेत. गॅरेजची योजना स्वीकारली तर ठेव 2,10,000 रुपयांवर येईल आणि दरमहा उरणारे 16,000 रुपये 11,000 च्या खाली जातील, तेही मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा आणि क्लासचा खर्च समोर उभा असताना. हौसेसाठी खर्च करू नये असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र हौसेसाठी वैयक्तिक कर्ज काढू नये, हे मी ठामपणे सांगतो.

पैशांइतकाच महत्त्वाचा आणि आपल्या पत्रात न आलेला मुद्दा मालकीचा आहे. ‘आता गाडी माझीच आहे’ असे आपण लिहिले आहे, परंतु आरसी बुकावर अजून वडिलांचेच नाव आहे आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, बहीण आणि आपण असे तिघेही समान वारस आहात. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना 31 मधला अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. ती मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे विलंबाचे शुल्क भरून ते काम आता पूर्ण करावे लागेल. आई आणि बहिणीची लेखी संमती घेतल्याशिवाय गाडीचा एक बोल्टही बदलू नका. तिघांची वस्तू एकाने कापली, तर पुढे होणारा वाद कोणत्याही किमतीने भरून निघत नाही आणि मी हे भावंडांमध्ये घडताना पाहिले आहे.

गॅरेजच्या अंदाजपत्रकात ‘चासीचा मागचा भाग कापून एकेरी सीट’ अशी एक ओळ आहे. माझा सर्वांत मोठा आक्षेप तिलाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका घेतली आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम कदाचित परवडेल, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवले, तर दाव्याचा सगळा भार आपल्या अंगावर येऊ शकतो.

गाडीबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण तिची किंमत कशात आहे हे कळल्याशिवाय निर्णय योग्य होणार नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील परवान्यावर 1961 पासून या मोटारसायकली बनवल्या. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच जावा हे नाव जाऊन येझदी आले आणि 1996 साली तो कारखाना बंद झाला. म्हणजे टाकीवर जावा नाव असलेल्या भारतीय गाड्या जेमतेम बारा-तेरा वर्षांत बनल्या आणि आता त्यांची संख्या फक्त घटू शकते. आपण पाठवलेल्या फोटोंत टाकीचा मूळ मरून रंग, तिच्या बाजूंचे क्रोम, गुडघ्याशी येणारे तडकलेले रबर आणि दिव्याच्या कवचातच बसवलेला स्पीडोमीटर हे सर्व स्पष्ट दिसते. क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत आणि रंग फिका पडला आहे, तरी तो पन्नास वर्षांपूर्वीचा कारखान्यातला रंग आहे. संग्राहक 1,60,000 देत आहेत ते याच गोष्टींसाठी, आणि बॉबर करताना नेमक्या याच गोष्टी काढून टाकल्या जाणार आहेत. एकदा चासीवर करवत फिरली की ती पूर्ववत होत नाही. उलट मूळ रूपातली गाडी पाच वर्षांनी विकता येईल, मुलीला देता येईल किंवा तेव्हा वाटलेच तर बदलताही येईल. पैशांच्या निर्णयात असा मोकळा राहिलेला मार्ग मी नेहमी मौल्यवान मानतो.

बॉबर चालवण्याचीच आपली मनापासून इच्छा असेल, तर तिचाही मान ठेवायला हवा. जावा पेराक ही 2019 साली बाजारात आलेली बॉबर थेट कंपनीच्याच कारखान्यात तयार झालेली आहे. तिचा खर्च आपल्या गॅरेजच्या अंदाजपत्रकाच्या आसपास जातो, आणि त्यात नोंदणी, वॉरंटी व पूर्ण विमा नियमात बसतात. आजच्या ताळेबंदात तीही बसत नाही, पण मुलीची बारावी झाल्यावर त्यासाठी पैसे साठवणे हे वाजवी उद्दिष्ट ठरेल. त्यासाठी वडिलांची गाडी खर्ची पडू नये.

मूळ रूप राखणे म्हणजे गाडी नवी कोरी करणे, असा गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे. हौसेने सगळी गाडी सोलून, नवा रंग आणि नवे क्रोम देऊन चकचकीत केली जाते आणि त्यात बॉबरइतकेच मूळपण जाते. मी सुचवतो ते काम कमी खर्चाचे आणि टप्प्याटप्प्याने करण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात वारसाची नोंद, आरसीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि सक्तीचा तृतीय पक्ष विमा. दुसऱ्या टप्प्यात इंजिन. बराच काळ उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक गाडीचे क्रँकचे ऑइल सील कडक होतात आणि टाकीच्या आतून गंज धरतो, म्हणून किक मारून पाहण्याआधीच जाणत्या मिस्त्रीकडून टाकी, कार्बोरेटर, सील आणि बेअरिंग तपासून घ्या. इंजिनाचे बरेच भाग येझदीशी जुळत असल्याने हे काम आजही होते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबर टिकत नाही, तेव्हा पेट्रोलचे पाइप बदला आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवू नका. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करून घेतली तरी चालेल, मात्र काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत जपून ठेवा. तिसऱ्या टप्प्यात टायर, ब्रेक आणि केबल. रंगाला मात्र हात लावू नका. पहिले दोन टप्पे 48,000 रुपयांत बसवा आणि उरलेले काम दरमहा 4,000 रुपये बाजूला काढून करा. लिखित अंदाजपत्रक न देणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी सोडू नका.

2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचे 5,000 आणि मुदत दहा वर्षांची आहे. चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी यात बसत नाही. मात्र व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी आईला सज्जनगडावर न्यायचे असे आपण लिहिले आहे, म्हणून तूर्त साधी नोंदणीच चालू ठेवावी असे माझे मत आहे.

कराचा प्रश्न इथे छोटा आहे. वैयक्तिक वापराचे वाहन भांडवली मालमत्तेत मोडत नाही, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर सहसा कर लागत नाही, तसाच तोटाही वजा मिळत नाही. आणि कोणी काहीही सांगितले तरी या जावेला गुंतवणूक समजू नका. तिच्यावर व्याज मिळत नाही, उलट देखभालीचा खर्च येतो आणि मनात येईल त्या दिवशी ती विकली जाईलच असेही नाही. मुलीच्या शिक्षणाचा निधी त्यासाठीच्या मासिक बचतीतूनच उभा राहिला पाहिजे.

संग्राहकांना तूर्त नम्रपणे नकार कळवा, परंतु आई आणि बहिणीला त्यांचा प्रस्ताव आकड्यासह जरूर सांगा, कारण विकायचे की नाही हा निर्णय तिघांचा आहे. गॅरेजला आगाऊ रक्कम देऊ नका. माझा हा सल्ला एकाच परिस्थितीत बदलेल. आरटीओकडे जाण्यापूर्वी चासी आणि इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहा. ते जुळत नसतील, किंवा चासी पूर्वीच कुठे कापून जोडलेली आढळली, तर मूळपणासाठी मिळणारी किंमत उरणार नाही. तसे असेल तर एकही रुपया खर्च करण्याआधी त्या क्रमांकांच्या फोटोंसह मला पुन्हा लिहा.