पंख उन्हात पिळला, आता काय करायचं?

प्रश्न (अहमदपूरकडून): नमस्कार काका, आम्ही चार मित्रांनी मिळून तीन मीटर पंखाचं रिमोटवरचं विमान बनवलं, आत निळा फोम, वरून कार्बनचं कापड आणि इपॉक्सी, वजन बॅटरीसकट साडेपाच किलो. कार्बनची वीण लई भारी दिसत होती म्हणून रंग दिला नाही, नुसता क्लिअर कोट मारला. मे महिन्यात रानात नेलं, पंख दुपारभर पिकअपच्या हौद्यात पडून होते. ऊन उतरल्यावर उडवलं तर विमान सारखं डावीकडं कलायला लागलं, कसंबसं उतरवलं. घरी येऊन बघतो तर डाव्या पंखाला टोकाकडं पीळ पडलाय. कार्बन स्टीलपेक्षा मजबूत म्हणतात ना, मग असं कामून झालं?

उत्तर: पोरांनो, पिळलेल्या पंखावर एवढं जड विमान सुखरूप खाली आणलं हेच मोठं काम केलं तुम्ही. विमान हळू झालं की असा पंख आधी पडतो आणि मग सावरायला उंची उरत नाही.

आता कारण. मजबूत असतो तो कार्बनचा धागा, पण धागा म्हणजे शेवटी धागाच, त्याला पंखाचा आकार धरायला लावतं ते रेझिन, म्हणजे तुमचं इपॉक्सी. आणि घरच्या हवेत सेट झालेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशाला मऊ पडायला लागतं. सावलीत ४२ असेल तर उन्हातली काळी वस्तू ७० पर्यंत सहज जाते, दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा. हौद्यात पंखाला कुठंतरी एका बाजूनंच आधार असणार, तो आपल्याच वजनानं हळूहळू पिळला आणि थंड झाला तसा तिथंच कडक झाला.

दुरुस्त होऊ शकतो, पण आधी एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या पंखावर टकटक करा, माठ घेताना वाजवून बघतो ना तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, जिथं बद्द वाजेल तिथं कापड फोमपासून सुटलंय, मग मोह न करता पंख नवा करायचा. सगळीकडं चांगला वाजला तर सपाट टेबलावर खालून नीट टेकू देऊन, वरून वाळूच्या पिशव्या ठेवून पीळ काढून धरा, भोवती थर्माकोलच्या शीटचा पेटारा करा आणि आत जुने पिवळे बल्ब लावा, थर्माकोलपासून आणि पंखापासून लांब. थर्मामीटर आत हवाच. दर तासाला पाच-सात अंश चढवत ६० पर्यंत न्या, सहा-आठ तास ठेवा, त्याच्या वर नको कारण आतला फोम बसतो. पेटाऱ्याजवळून कुणी हलायचं नाही. मग वजनासकट रात्रभर थंड होऊ द्या. या शेकण्यानं रेझिन आणखी पक्कं होतं, पुढच्या वेळी मऊ पडायला जास्त उष्णता लागते.

आणि पांढरा रंग द्या. वीण झाकली जाईल, वाईट वाटेल, मला कळतं. पण माणसं बसून उडवतात ती मोठी ग्लायडर बहुतेक पांढरी असतात ती याच कारणानं. नवा पंख केलात तर लेअप, म्हणजे कापडावर रेझिन चढवायचं काम, पहाटे करा, रेझिन थोडं थोडं आणि पसरट ट्रेमध्ये कालवा, मे महिन्यात डबाभर कालवलं की ब्रश बुडवेपर्यंत डबाच तापतो. मी दरवेळी त्याच रेझिनची एक पट्टी वेगळी काढून ठेवतो, दुपारी पत्र्यावर तापवून हातानं वाकवून बघतो, मगच विमान उन्हात नेतो.

प्रश्न (जालन्याहून): बॉडी पूर्ण कार्बनची केली, रिसिव्हर आत. दीडशे मीटरवर सिग्नल तुटतो. रिसिव्हर बदलू का?

उत्तर: नका बदलू, पैसे वाया जातील. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळं २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बॉडी अडवते, पत्र्याच्या डब्यात मोबाईल ठेवल्यासारखं. दोन्ही अँटेनांची उघडी टोकं, शेवटचे ३१ मिलिमीटर, बॉडीच्या बाहेर काढा आणि एकमेकींशी काटकोनात ठेवा, एक आडवी एक उभी. पुढची बॉडी करताना नाकाचा भाग काचेच्या कापडाचा (फायबरग्लासचा) करा, म्हणजे हा त्रासच नाही. मग रिमोट रेंज चेकच्या मोडवर टाकून, म्हणजे त्याची ताकद मुद्दाम कमी करून, तीस पावलं लांब जा, दुसऱ्याला विमान सगळ्या बाजूंनी फिरवायला लावा, मोटर चालू असतानाही बघा, पंख्यापासून हात लांब ठेवून. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप, मोटर बंद झाली पाहिजे, हे प्रत्येक वेळी तपासायचंच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमचं शेत चिकलठाणा विमानतळापासून दहा किलोमीटरवर आहे, उडवता येईल का?

उत्तर: रिमोटच्या विमानालाही ड्रोन नियम २०२१ लागू होतात, त्याप्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायची हवाई हद्द, फक्त २०० फुटांपर्यंत असतो, त्याच्या वर जायचं तर परवानगी लागते. अंतर गाडीच्या मीटरवर मोजू नका, रस्ता वळणावळणाचा असतो. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशावर आपलं शेत शोधा, आणि झोन बदलतात म्हणून उडवायच्या दिवशी सकाळी परत बघा.