मैत्रिणीनं सांगितलं तर मी काय करायचं?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव मोहोळकडं, इथं हॉस्टेलला राहते. आमच्या एनएसएसच्या मॅडमनी बारा जणांना निवडलंय, लैंगिक अत्याचार होऊ नयेत म्हणून बाकीच्या पोरापोरींशी आम्हीच बोलायचं, त्याआधी आम्हाला एक दिवस ट्रेनिंग. मी हो म्हणून बसले, आता धडधड व्हायलीय. खरंच कुणी येऊन काही सांगितलं तर? वर "कुणाला सांगू नको" म्हणाली तर? आई म्हणते, कशाला हे झेंगट गळ्यात घ्यालीस.

उत्तर : आधी आईचं बोलू. आईला सांग की हे काम मॅडमनी दिलं नसतं तरी तुझ्याकडं आलंच असतं, कारण मुलगी पहिल्यांदा सांगते ती मैत्रिणीलाच, प्राचार्यांना नाही, पोलिसांना नाही, रूममधली लाईट बंद झाली की शेजारच्या कॉटवर. माझ्याकडंही असंच आलं होतं, मी तुझ्याच वयाची होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू तिथं गेलीसच कशाला?" ती गप्प झाली. त्यानंतर तो विषय तिनं माझ्याकडं पुन्हा कधीच काढला नाही, आणि मला ते अजून सलतं. म्हणून सांगते, ट्रेनिंगमध्ये बाकी काही नाही जमलं तरी ते पहिलं वाक्य घोटून घे. "बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही, आत्ता तुला काय हवंय?" बास. कुठं, किती वाजता, काय घातलं होतंस, ओरडलीस का, हे तू विचारायचंच नाही. चौकशी करणं तुझं काम नाही, आणि दहा जणींनी दहा वेळा विचारलं की तिला दहा वेळा त्यातून जावं लागतं.

आता "कुणाला सांगू नको". याचं वचन द्यायचं नाही गं, आणि हे तिनं सगळं सांगून झाल्यावर नाही, सुरुवातीलाच बोलायचं, की तुझं नाव मी मैत्रिणीत फिरवणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझं वय अठराच्या आत असेल तर मला एकटीला हे पोटात ठेवता येणार नाही. आपल्याकडं एकाच आवारात अकरावी-बारावी असते, त्या पोरी सोळा-सतराच्या. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे अठराच्या आतल्या मुलामुलींना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट माहीत असलेल्या कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं, तिथं तुझी-माझी मर्जी चालत नाही. तेव्हा मॅडमना सोबत घे, १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाईनला, फोन कर, पण मॅडमना सांगितलं म्हणजे कळवून झालं असं समजू नको.

अठराच्या वरची असेल तर तक्रार करायची की नाही हे ती ठरवणार. तू फक्त वेळेचं भान ठेवायचं. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं, दोन्ही ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकं लवकर तितकं बरं. सिव्हिलच नव्हे, खाजगी दवाखान्यालाही उपचार लगेच आणि फुकट द्यावे लागतात, आधी एफआयआर आणा असं म्हणता येत नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो हे तिला आधी सांगून ठेव, नाहीतर तिथं गेल्यावर तिला फसवल्यासारखं वाटेल, आणि तपासणीला नको म्हणायचा हक्क तिला आहे हेही सांग. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. प्रकार पंढरपुरात झाला असला तरी गुन्हा सोलापुरातल्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात ते हेच.

प्रकार कॉलेजातला असेल तर अंतर्गत तक्रार समिती. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१६ पासूनचे नियम आहेत, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी लागतात. तुमच्याकडं ते तिघं कोण आहेत, मॅडमना विचार. मी जिथं जिथं विचारलं तिथं बऱ्याचदा पोरांना समितीचंच नाव माहीत नव्हतं, फलक मात्र ऑफिसबाहेर लागलेला.

एका दिवसाच्या ट्रेनिंगचं म्हणशील तर नाही, नाही जमत, आणि हे मॅडमना तुम्ही बाराही जणांनी मिळून सांगा. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या ८९३ मुलींवर अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात तीन-तीन तासांच्या चार बैठका होत्या, शिकवणाऱ्याही तरुण मुली. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण बैठका घेतलेल्यांमध्ये ५.२ टक्के आणि नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांमध्ये ९.८ टक्के. एका भाषणानं वागणं बदलत नाही. एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचेच असतात, वेळ नाही ही सबब मला पटत नाही. आणि बैठकीत भाषण नको, प्रसंग करून बघा, एकीनं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं, मग अदलाबदल.

एक गोष्ट आपल्या गावची. संमतीचा विषय निघाला की मी आधी घरच्या भाषेत "नको" म्हणायला लावते. कुणी तेलुगूत वद्दु म्हणतं, कुणी कानडीत ब्याडा, कुणी दखनीत नक्को. मग विचारते, आता शब्द न वापरता नको म्हणा. कुणी मान वळवतं, कुणी अंग चोरतं, कुणी नुसतं थिजतं, आणि मग पोरांना दिसतं की गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, अंगावर जखमा नाहीत म्हणून १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि आज कायद्यातच लिहिलंय की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. हे तुमच्या बाराही जणांना पाठ हवं.

आणि ऐकून ऐकून तूही थकशील. दर पंधरा दिवसांनी तुम्ही बारा जण आणि मॅडम असं बसा, नावं न घेता बोला. झोप उडाली तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे. आईला पुढच्या सुट्टीत हे उत्तर वाचून दाखव.

प्रश्न : ताई, मी मुलगा आहे, त्याच बारा जणांत आहे. ग्रुपमधला एक जण गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, स्टँडवर पोरींच्या मागं मागं जातो. बोललो तर मीच बाजूला पडतो. भांडू का?

उत्तर : भांडू नकोस, निदान गर्दीत नको, कारण मग सगळं तुम्हा दोघांभोवती फिरतं आणि ती पोर तशीच अडकते. तू तिच्याशी बोल. "ताई, बार्शीची गाडी लागली का?" एवढं विचारलंस तरी त्याची साखळी तुटते आणि तिला निघायला वाट मिळते. नाहीतर त्यालाच हाक मार, चल चहा घेऊ. प्रकरण हाताबाहेर दिसलं तर सरळ ११२. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही, त्यानं तिचीच ओळख उघडी पडते, आणि बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा तर स्वतः गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग रात्री, तो एकटा असताना, सांग की मला हे आवडत नाही, आणि नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतं, पहिल्या वेळेलाच तीन वर्षांपर्यंत. बाजूला पडशील असं तुला वाटतं, पण त्या ग्रुपमध्ये तुझ्यासारखं न आवडणारे अजून दोघं तरी असतील बघ, आधी त्यांच्याशी एकेकट्यानं बोलून घे, मग तिघं मिळून त्याच्याकडं जा.