पेनल्टी बरोबर असेलही, पण रेफरी उभा कुठे होता?

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. मुलगा १९ वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत रेफरी म्हणून उभा राहतो. मागच्या महिन्यात एका फायनलला त्याने शेवटच्या पाच मिनिटांत हँडबॉलची पेनल्टी दिली, लोक मैदानात घुसले, शिवीगाळ झाली. वडील लिहितात : "पोरगा म्हणते, मी इंटरनॅशनल रेफरी होतो. ह्याच्यात पोट भरते काय? अन् एवढ्या शिव्या खाऊन करायचं काहून?"

भाऊ, स.न.वि.वि.

आधी त्या पेनल्टीचं बोलू. चेंडू हाताला लागला तेव्हा मुलगा दमून मधल्या वर्तुळातच राहिला होता, असं तुम्हीच लिहिलं आहे. तिथून पेनल्टी बॉक्स तीस-पस्तीस मीटर लांब. फुटबॉलच्या नियम १२ प्रमाणे हात पसरून अंग विनाकारण मोठं केलं तर तो हँडबॉल. काखेच्या खालच्या टोकापासून वर चेंडू लागला तर तो खांदा, गुन्हा नाही. एवढा बारीक फरक तीस मीटरवरून कोणालाच दिसत नाही, आणि बघणाऱ्यांनाही ते कळतं. निर्णय बरोबर असला तरी लांबून दिलेला निर्णय लोक मानत नाहीत. शिव्यांवरचा पहिला उपाय म्हणजे पाय.

म्हणून त्याने आजपासून फिफाच्या फिटनेस टेस्टची तयारी धरावी. पुरुष आंतरराष्ट्रीय रेफरीसाठी पहिला भाग ४० मीटरच्या ६ धावांचा. प्रत्येक धाव ६ सेकंदांत, मध्ये ६० सेकंद विश्रांती. एक हुकली तर लगेच सातवी मिळते, दोन हुकल्या की नापास. काही मिनिटांनी दुसरा भाग : ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. एकूण ४ किलोमीटर. झेडपी शाळेच्या मैदानावर टेपने १०० मीटर मोजा, ० वर, दोन्हीकडून ७५ वर आणि १०० वर फक्कीची रेघ मारा. पळत जा, चालत टोक गाठा, तिथूनच वळून परत. पोरं चुकतात ती इथे : पहिले दहा फेरे जोशात १२ सेकंदांत काढतात आणि पंचविसाव्याला पाय भरून येतात. पंधरा म्हणजे पंधराच, त्याआधी पोचून उपयोग नाही. आपल्याकडे मे महिन्यात हे पहाटे साडेपाचलाच करावं लागेल. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, तेव्हा रस्त्याकडेच्या मुरमाच्या पट्टीवर पळावं, डांबरावर रोज नको, गुडघे जातात.

आता वादाचं. जगातल्या मोठ्या चुका मुलाला नीट शिकवा, कारण त्यांतल्या बऱ्याच नियम न कळल्यामुळे झालेल्या नाहीत.

२२ जून १९८६, मेक्सिको सिटी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. माराडोनाने हाताने गोल केला. ट्युनिशियाचे रेफरी अली बिन नासेर यांनी बल्गेरियाचे लाइन्समन बोगदान दोचेव यांच्याकडे पाहिलं. तिकडून खूण आली नाही, गोल दिला गेला. तुमच्या गावच्या फायनलला लाइनचे झेंडे दोन्ही संघांच्याच पोरांच्या हातात होते. अशा सामन्याला मुलाने उभंच राहू नये. दोन तटस्थ लाइनमन मिळणार असतील तरच हो म्हणावं.

२२ जून २००६, श्टुटगार्ट, क्रोएशिया–ऑस्ट्रेलिया. इंग्लंडचे ग्रॅहम पोल यांनी योसिप सिमुनिच या एकाच खेळाडूला तीन पिवळी कार्डं दाखवली, दुसऱ्यावर बाहेर काढायला हवं होतं. झालं असं, की सिमुनिचचा नंबर ३ आणि ऑस्ट्रेलियाच्याही एका खेळाडूचा नंबर ३. दुसरं कार्ड वहीत ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात लिहिलं गेलं. त्यानंतर पोल मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून निवृत्त झाले. मुलाची वही बघा. पानावर मधोमध रेघ हवी, दोन्ही बाजूंना वर संघाचं नाव आणि जर्सीचा रंग, खाली नंबर, मिनिट, कार्ड. आधी खेळाडूचा नंबर बघायचा, मग लिहायचं, मग कार्ड वर करायचं. पेन नको, पावसात शाई फुटते, पेन्सिल ठेवावी. पिवळं कार्ड छातीच्या खिशात, लाल मागच्या. शिट्ट्या दोन, घड्याळं दोन.

२०१० च्या वर्ल्डकप फायनलला इंग्लंडचे रेफरी हॉवर्ड वेब यांनी, नेदरलँड्सच्या डी योंगने समोरच्याच्या छातीवर लाथ मारली तरी, त्याला फक्त पिवळं दाखवलं. मध्ये खेळाडू आल्याने नीट दिसलं नव्हतं, ते लाल हवं होतं, हे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. पुन्हा मुद्दा उभं राहण्याच्या जागेचाच.

आपल्याकडचंही एक. ३ मार्च २०२३, बेंगळुरू एफसी–केरला ब्लास्टर्स. जादा वेळेत, ९६ व्या मिनिटाला केरळच्या खेळाडूंची भिंत लागायच्या आधीच बेंगळुरूच्या छेत्रीने फ्री किक मारून गोल केला आणि केरळचा संघ मैदान सोडून गेला. त्यांची तक्रार फेटाळली गेली, वर ४ कोटींचा दंड बसला. नियम १३ पटकन किक मारू देतो. पण रेफरीने भिंत मागे सरकवायला घेतली, किंवा कार्ड काढलं, की शिट्टीशिवाय किक नाही. म्हणून फाऊल दिल्याबरोबर ठरवायचं : खेळू द्यायचं की थांबवायचं. थांबवायचं असेल तर शिट्टीकडे बोट दाखवून मोठ्याने सांगायचं. अर्धवट खूण केली की दोन्ही संघ आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

शिक्षणाची वाट अशी. जिल्हा फुटबॉल संघटनेकडे रेफरी परीक्षेची चौकशी करा. यवतमाळला सोय नसेल तर नागपूर. महाराष्ट्राचा फुटबॉल मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय, आणि तिथून अखिल भारतीय फुटबॉल महासंघ फिफाच्या यादीसाठी नावं पाठवतो. यादी दरवर्षी १ जानेवारीला लागू होते. रेफरीला तेव्हा किमान २५ वर्षं पूर्ण हवीत, असिस्टंट रेफरीला २३. त्याच्या हाताशी सहा वर्षं आहेत, ती पायऱ्या चढण्यातच जातील. नियमांचं पुस्तक १७ नियमांचं, नियम ठरवणाऱ्या आयएफएबी या संस्थेच्या ॲपवर फुकट आहे, पण इंग्रजीत. रोज दोन पानं मोठ्याने वाचावीत. सामन्याचा अहवाल आणि परदेशी सहकाऱ्यांशी बोलणं, दोन्ही इंग्रजीतच.

पोट भरतं काय, तर सुरुवातीची बरीच वर्षं नाही. सामन्यागणिक मानधन आणि प्रवासखर्च, त्यावर संसार होत नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. वेब हे पोलीस सार्जंट होते. तुमच्या तालुक्यातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, त्यात १६०० मीटर आणि १०० मीटर आहेच, म्हणजे एकाच घामात दोन्ही तयाऱ्या होतील. फक्त पोलिसात सुट्ट्या अवघड. बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक होणं रेफरीसाठी जास्त सोयीचं, तिथे मैदान रोज हाताशी असतं. बी.ए. मात्र मध्येच सोडू देऊ नका.

आणि पुढच्या वेळी राडा झालाच तर : खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी स्वतःची चूक कळली तर निर्णय बदलता येतो, एकदा सुरू झाला की नाही. लोक आत आले की सामना थांबवून आयोजकांना मैदान रिकामं करायला सांगावं, वाद घालू नये. घरी आल्यावर त्याच रात्री मिनिटवार अहवाल लिहून आयोजकांना द्यावा. त्या फायनलचा त्याने लिहिला नसेल, तर आठवतंय तोवर लिहायला सांगा आणि चेंडू हाताला लागला तेव्हा आपण कुठे होतो, ते मैदानाचं चित्र काढून त्यावर फुलीने दाखवायला लावा.