'उतरती कळा' आणि क्रिस डेव्हिस

प्रश्न मेरीलँडहून आला आहे. बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा फलंदाज क्रिस डेव्हिस याच्यावरून एका मराठी घरात सासरे-जावयांचा वाद अजून निघतो. सासरे म्हणतात, मोठा करार झाला त्याच वर्षापासून डेव्हिसला उतरती कळा लागली होती. जावई म्हणतात, तो नुसता स्लम्प, म्हणजे तात्पुरता पडता काळ होता, जरा लांबला. लोकांनी उगाच त्याला मोडीत काढलं. विचारणारे अर्थातच जावई. त्यांचा प्रश्न असा, की स्लम्पला 'उतरती कळा' म्हणणं बरोबर आहे का, आणि नसेल तर मराठीत काय म्हणावं?

स्लम्पचं आधी उरकतो. क्रिकेटवर मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. फलंदाजाचा सूर हरवतो, मग कधीतरी तो त्याला गवसतो. 'फॉर्म गेला' हेही आता घरोघरीचं मराठीच झालं आहे. बेसबॉललाही हे जसंच्या तसं चालतं, नवा शब्द पाडायची काहीच गरज नाही.

बोलायचं आहे ते 'उतरती कळा'बद्दल. हा वाक्प्रचार हल्ली इतका सैल वापरतात की ऐकवत नाही. एखादा खेळाडू लागोपाठ चार डावांत अपयशी ठरला की निवेदक लगेच त्याला उतरती कळा लावून मोकळे. वर पडद्याखालच्या पट्टीत छापलेलं असतं 'उतरत्या कळा'! अहो, कळा लागतात त्या बाळंतिणीला. तिथे मूळ शब्द 'कळ', म्हणजे वेदना, आणि 'कळा' हे त्याचं अनेकवचन. म्हणून 'कळा लागल्या'. इथे मूळ शब्दच 'कळा' आहे आणि तो एकवचनी आहे. म्हणून 'कळा लागली', 'उतरत्या कळेचा काळ', 'कळेला आला'. एका अनुस्वाराचाही फरक नसलेले हे दोन शब्द क्रियापदावरून ओळखू येतात. ते क्रियापदच चुकवलं तर फलंदाज थेट प्रसूतिगृहात पोचतो.

हा 'कळा' संस्कृत 'कला'. दोन स्वरांमध्ये एकटा 'ल' आला की मराठीत त्याचा 'ळ' होतो, हा आपल्या भाषेचा जुना आणि नेमका नियम. फल–फळ, कमल–कमळ, शाला–शाळा, लीला–लीळा. मूळ जोडाक्षर असेल तर मात्र 'ल' टिकतो, फुल्लचं फूल झालं ते तसं. या नियमाने कलेची कळा झाली. पुढे संस्कृतातून 'कला' पुन्हा उसनी घेतली आणि गायन-चित्रकलेला दिली. त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपं आज आपल्याकडे नांदतात आणि एकमेकींना ओळखतही नाहीत.

काही जाणकार मंडळी छातीठोकपणे सांगतात की मुळात हे 'उतरता काळ' होतं, त्याचं बोलीत 'उतरती कळा' झालं. ही व्युत्पत्ती मी भाषणांतून ऐकली आहे आणि ती साफ चूक आहे. 'काळ' पुल्लिंगी, 'कळा' स्त्रीलिंगी. पहिल्या अक्षरातला दीर्घ 'का' ऱ्हस्व झाला, शेवटी 'आ' चिकटला, लिंगही बदललं, आणि हे सगळं एकाच वाक्प्रचारात एकदाच घडलं, असं मानायचं? मग 'अवकळा'चं काय करणार? 'प्रेतकळा'चं काय करणार? 'घराला कळा आली', 'तोंडाची कळा गेली' यांत कुठे काळ बसवणार? या सगळ्यांत कळा म्हणजे तेज, रया. आणि ते तेज जिथून आलं ती जागा आकाशात आहे.

कला म्हणजे चंद्राचा सोळावा भाग. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात तो अर्थ नोंदवला आहे, कुठल्याही पंचांगकर्त्याला तो पाठ असतो. शुक्ल पक्षात कळा चढते, कृष्ण पक्षात उतरते. म्हणून 'चढती कळा' आणि 'उतरती कळा' ही जोडी. यातली पहिली आपण जवळजवळ टाकून दिली आणि तिच्या जागी 'चढता आलेख' आणला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चंद्र काढून आपण तिथे चौकटीचा कागद डकवला.

आता खरी मौज. कला सोळा, पण पौर्णिमा ते अमावास्या तिथी पंधरा. मग एक कला जाते कुठे? बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात याचं उत्तर आहे. प्रजापती हाच संवत्सर, तो सोळा कलांचा. रात्री याच त्याच्या पंधरा कला आणि सोळावी ध्रुव, म्हणजे न ढळणारी. रात्रींबरोबर तो भरतो आणि रात्रींबरोबर सरतो. अमावास्येच्या रात्री त्या सोळाव्या कलेनिशी तो सगळ्या प्राणिमात्रांत शिरतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जन्मतो. म्हणजे उतरणाऱ्या कला पंधराच. सोळावी उतरत नाही, दिसत नाही एवढंच. ज्ञानेश्वर तर याच्याही पुढे जाऊन 'सतरावी' सांगतात. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला आई मानून तिचं जे दूध त्यांनी वर्णिलं आहे ते या सतराव्या कलेचं, अमृतकळेचं.

म्हणून माझं ठाम मत आहे की 'उतरती कळा'त शेवट नाही. कोश 'ऱ्हास', 'अवनती' असे अर्थ देऊन थांबतात आणि निम्मा शब्द हरवतात. ऱ्हासात पुन्हा भरणं नाही. कळेत ते गृहीत आहे. 'त्या घराण्याला उतरती कळा लागली' असं जुनी माणसं म्हणत तेव्हा त्यांच्या डोक्यावर रोज तोच चंद्र होता. तो परत भरतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पंजाबीत बघा. शिखांच्या अरदास या प्रार्थनेच्या शेवटी 'चढदी कला' येते, म्हणजे सदैव चढतं, न खचणारं मन. आपल्या हातून निसटलेली 'चढती कळा' तिथे रोज कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे. तिकडचे अभ्यासक या 'कला'चा अर्थ शक्ती, ऊर्जा असा लावतात. अर्थ चूक नाही, पण 'चढदी' या शब्दाचं स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. शक्ती वाढते, चढते ती चंद्राची कला. ज्या गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत त्या ग्रंथाच्या परंपरेत ही जोडीदारीण जिवंत असावी, याचा मला फार आनंद आहे.

तर डेव्हिस. ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दहा प्रयत्नांत तीन हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळवणारा तिथे उत्तम फलंदाज समजला जातो. सरासरी ०.३०० लिहितात ती त्यामुळे. ०.२०० ही नामुष्कीची रेघ. तिला मारिओ मेंडोझा या मेक्सिकन शॉर्टस्टॉपचं नाव चिकटलं आहे, कारण १९७९ मध्ये सिॲटलकडून खेळताना तो ०.१९८ वर राहिला. त्याची कारकिर्दीची सरासरी ०.२१५ आहे, म्हणजे स्वतःच्या नावाच्या रेघेच्या वर, आणि तरी ते नाव पुसलं जात नाही. हा त्या गुणी क्षेत्ररक्षकावर अन्याय आहे, पण तो विषय वेगळा.

डेव्हिसने २०१३ मध्ये ५३ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे कुंपणापार फटके, मारले. २०१४ मध्ये ते २६ वर आले आणि सरासरी ०.१९६ झाली. लोकांनी तेव्हाही त्याला निकालात काढलं होतं. २०१५ मध्ये पुन्हा ४७! ५३, २६, ४७. याला म्हणतात सूर हरवणं आणि गवसणं. इथपर्यंत जावईबापू, तुमचा स्लम्प मला मान्य. जानेवारी २०१६ मध्ये ओरिओल्सनी त्याच्याशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला तो हा परतलेला सूर पाहूनच. त्यातले ४ कोटी २० लाख तर पुढे २०३७ पर्यंत हप्त्याहप्त्याने द्यायचे होते. तेव्हा तो तिशीला टेकला होता.

त्यानंतरचे होमरन ओळीने वाचा: ३८, २६, १६, १२, आणि २०२० च्या आखूड हंगामात १६ सामने खेळून शून्य. मधे एकदाही आकडा वर गेलेला नाही. सूर हरवलेल्याचे आकडे असे पायरी-पायरीने उतरत नाहीत, ते उड्या मारतात. पायरी-पायरीने उतरते ती कळा. वाक्प्रचार इतका तंतोतंत बसलेला मी क्वचित पाहिला आहे, आणि म्हणून सासरेबुवांना माझा दंडवत सांगा. त्यांनी शब्द अचूक निवडला.

तुमचा दुसरा मुद्दाही पाहू. डेव्हिस डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढून मारणारा, म्हणून प्रतिस्पर्धी संघ आपले क्षेत्ररक्षक त्या बाजूला सरकवून ठेवत. ही युक्ती २०२३ पासून नियमाने बंद झाली. दुसऱ्या बेसच्या दोन्ही अंगांना दोन-दोन इनफिल्डर, म्हणजे आतल्या मैदानातले क्षेत्ररक्षक, ठेवावे लागतात. तो नियम आधी आला असता तर डेव्हिस वाचला असता, असं तुम्ही म्हणता. थोडी सरासरी वाढली असती हे खरं. पण २०१८ मध्ये तो १९२ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. बॅटला लागलेलाच नाही तो चेंडू अडवायला कुणी कुठेही उभं राहो, काय फरक पडतो? त्या वर्षी ४७० ॲट-बॅटमध्ये, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्यांत, ७९ हिट, सरासरी ०.१६८. पात्रतेइतके डाव खेळलेल्या कुठल्याही फलंदाजाची मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलच्या, आधुनिक इतिहासातली ही सगळ्यात कमी सरासरी. स्ट्राइकआउट तर तो बहरात असतानाही भरपूर व्हायचा, हे तुम्ही म्हणाल. २०१५ मध्येही दोनशेच्या वर गेला होता. पण तेव्हा जो चेंडू लागे तो कुंपणापार जाई. पुढे चेंडू लागायचाही कमी झाला आणि लागला तरी पोचेना.

आणि तरीही त्या काळोखात एक रेघ उजळली होती. सप्टेंबर २०१८ पासून ५४ ॲट-बॅट एकही हिट नाही, असा नकोसा विक्रम करून तो १३ एप्रिल २०१९ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कात उभा राहिला. पहिल्याच इनिंगमध्ये रिक पोर्सेलोचा चेंडू त्याने सरळ उजव्या मैदानात मारला. दोन रन आले. ओरिओल्सचा अख्खा डगआउट उभा राहून ओरडत होता. त्याच सामन्यात आणखी दोन डबल, म्हणजे दोन-दोन बेस मिळवून देणारे फटके. 'आला परत!' म्हणणाऱ्यांत तुम्हीही असणार, आणि त्या दिवशी तसं म्हणणं अजिबात चूक नव्हतं. न दिसणारी सोळावी कला आहे, याची खूण अशीच पटते. पण हंगाम संपला तेव्हा सरासरी ०.१७९ होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या दिवसापासून त्याच्याबद्दल 'उतरती कळा' वापरू नये असं माझं म्हणणं आहे. कळा उतरते ती अजून आकाशात असलेल्याची. खेळच थांबल्यावर क्रियापद बदलतं: मावळला. २०१४ साठी 'सूर हरवला', २०१६ ते २०२० साठी 'उतरती कळा लागली', २०२१ ला 'मावळला'. यातलं पहिलं तुमचं, दुसरं सासऱ्यांचं.

लिहिताना 'कळा' एकवचनीच ठेवा. 'उतरत्या कळेत मारलेला होमरन' शुद्ध. 'उतरत्या कळांत' लिहाल तर कृपा करून मला पाठवू नका.